पावसाळ्याआधी ओबीएमची उंची जुळवून घ्या

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका. कोल्हापुरात हे आकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. पण पाणी चढायला लागल्यावर बोटीमागे पाने-स्पॅनर घेऊन बसायला कुणालाच सवड नसते. ज्याने एप्रिल-मेमध्ये इंजिन नीट बसवून घेतलं, त्याचीच बोट ऐन पुरात कामाला येते.

मी पेशाने फिटर आहे, आणि आमच्या तालमीच्या बचाव पथकाची बोट माझ्याकडे सांभाळायला असते. आधीच्या पिढीनं गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून माणसं पैलतीराला नेली. आता फायबरच्या आणि रबरी बोटी आहेत, त्यांना मागे ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर लावलेली असते. बोट घेताना अश्वशक्ती विचारतात, किंमत विचारतात. पण इंजिन ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या फळीवर, किती उंच बसलंय हे फारसं कुणी विचारत नाही.

मलाही ते उशिरा कळलं. जुलै २०२१ मध्ये आंबेवाडीकडे बोट नेली होती. त्याआधी रिकाम्या बोटीनं चाचणी घेताना वेग वाढावा म्हणून आम्ही इंजिन त्याच्या ब्रॅकेटच्या दोन भोकांइतकं वर घेतलं होतं. वेग वाढलाही, आणि आम्ही खूश झालो. पुरात मात्र बोटीत नऊ माणसं आली आणि घाबरून सगळी पुढे सरकून बसली. नाक खाली गेलं, मागची बाजू उचलली गेली. धारेत वळण घेताना इंजिन एकदम किंचाळलं, पंखा नुसता हवेत फिरल्यासारखा फिरला आणि बोट आडवी होऊन विजेच्या खांबाकडे वाहू लागली. मी थ्रॉटल सोडला, लोकांना मागे ओढलं, तेव्हा पंख्यानं पुन्हा पाणी पकडलं. सगळं मिळून दहा-बारा सेकंदांत झालं असेल. तेव्हापासून रिकाम्या बोटीवरच्या वेगावर मी उंची ठरवत नाही. भरलेली बोट वळताना काय करते, ते बघून ठरवतो.

उंची म्हणजे नेमकी कशाची

पंख्याच्या जरा वर, इंजिनाच्या पायाला एक आडवी चपटी प्लेट असते. मिस्त्री तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. नाव रुळलंय, पण तिचं काम वेगळं आहे. पंखा फिरताना पाण्याच्या पृष्ठावरची हवा खाली ओढू पाहतो, ती हवा अडवणं हे या प्लेटचं काम. हवा पंख्यात शिरली की त्याला व्हेंटिलेशन म्हणतात. कॅव्हिटेशन म्हणजे पात्यावरचा दाब इतका घटणं की तिथल्या पाण्याचीच वाफ होते. दोन्हीत पंख्याची पकड सुटते, पण कारण वेगळं आणि उपायही वेगळा. आंबेवाडीला आमच्याकडे झालं ते व्हेंटिलेशन.

उंची मोजायची ती या प्लेटची, बोटीच्या तळाच्या तुलनेत. इंजिन फळीवर किती वर दिसतं यावरून काहीच ठरत नाही.

इंजिन फार खाली असलं तर अख्खा पाय पाण्यात ओढला जातो. वेग कमी, पेट्रोल जास्त, सुकाणू जड, आणि मागून पाण्याचे फवारे थेट बोटीत येतात. धिम्या गतीत वरची एक्झॉस्टची भोकंही पाण्याखाली जातात, मग इंजिन अडखळत चालतं. पूर आलेल्या गल्लीत तर खाली लोंबणारा पाय कुठल्याही कट्ट्याला, हौदाला, डिव्हायडरला आपटतो.

फार वर असलं तर वळणावर पकड सुटते. त्याहून वाईट म्हणजे थंड करायचं पाणी ओढणाऱ्या जाळ्या उघड्या पडतात. या जाळ्या गिअरकेसच्या, म्हणजे पायाच्या खालच्या गिअर असलेल्या भागाच्या, बाजूला, प्लेटच्या खाली असतात. पाणी मिळालं नाही की पंपाचा रबरी इम्पेलर कोरडा घासतो आणि थोड्याच वेळात खराब होतो. पुढे इंजिन तापतं, आणि तेही बोटीत माणसं असताना.

आधी शाफ्ट आणि फळी जुळतात का ते बघा

पाना हातात घेण्याआधी टेप घ्या. फळीच्या मधोमध वरच्या कडेपासून तळाच्या सर्वात खालच्या टोकापर्यंत अंतर मोजा. इंजिनं साधारण तीन मापांच्या फळ्यांसाठी बनतात: शॉर्ट शाफ्ट १५ इंच (३८१ मिमी), लाँग शाफ्ट २० इंच (५०८ मिमी) आणि एक्स्ट्रा लाँग २५ इंच (६३५ मिमी). मापात इंचभर फरक निघाला तर काळजी नको, तो जुळवण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. पण १५ इंची फळीवर लाँग शाफ्ट बसवलं असेल तर प्लेट पाच इंच खाली जाते, आणि भोकं बदलून तेवढी तूट भरून निघत नाही. बोट एकीकडून आणि इंजिन दुसरीकडून मिळालं की हा घोळ हमखास होतो. अशा वेळी फळी उंच करून घ्यावी लागते किंवा इंजिन बदलावं लागतं.

फळीची तब्येतही याच वेळी बघा. जुन्या फायबर बोटीत फळीच्या आत प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपून ते कुजतं. लाकडी हातोडीनं सगळीकडे टक्टक करा. कडक, टणत्कार आवाज यायला हवा. बोल्टच्या आसपास बद्द आवाज आला, वॉशर फळीत रुतलेले दिसले किंवा बोल्ट काढल्यावर तपकिरी पाणी आलं, तर उंचीचं काम तिथंच थांबवा आणि आधी फळी दुरुस्त करा. कुजक्या फळीवर सत्तर किलोचं इंजिन टांगून पुरात जाणं म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळणं.

मोजमाप

बोट ट्रेलरवर किंवा भक्कम ठोकळ्यांवर सरळ ठेवा. इंजिन खाली सोडा आणि त्याचा तिरकेपणा (टिल्ट) ठरवणाऱ्या पिनेनं किंवा पॉवर ट्रिमच्या बटणानं असं लावा की प्लेट तळाला समांतर येईल. ही पायरी चुकली तर पुढचं सगळं माप चुकतं, कारण प्लेट तिरकी असेल तर तिचं पुढचं टोक एक आकडा सांगतं आणि मागचं टोक दुसरा.

आता चार फुटी सरळ पट्टी हवी. स्लायडिंग खिडकीचा ॲल्युमिनियमचा चॅनेल उत्तम. पट्टी तळाच्या मध्यरेषेवर दाबून धरा आणि तिचं टोक मागे प्लेटपर्यंत येऊ द्या. फायबर बोटीला तळाखाली वेगळी कील किंवा धार असेल आणि ती फळीच्या आधीच संपत असेल, तर पट्टी धारेवर टेकवू नका, तळाच्या पृष्ठावर टेकवा. रबरी बोट पूर्ण दाबाने फुगवल्याशिवाय मापच घेऊ नका. ढिल्या बोटीची कील वर गेलेली असते आणि आकडा खोटा येतो. पट्टी आणि प्लेट यांच्यातलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून घ्या, आणि प्लेट पट्टीच्या वर आहे की खाली, हेही लिहा.

सुरुवात कुठून करायची? व्ही आकाराच्या फायबर बोटीला प्लेट तळाच्या समपातळीत, किंवा फार तर २५ मिमी वर. सपाट तळाच्या आणि रबरी बोटीला समपातळीपासून २५ मिमी खालीपर्यंत. सपाट तळाखालून पाणी फेसाळत, हवा मिसळून मागे येतं, म्हणून पंखा जरा खाली हवा. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा धरा. इंजिन फळीपासून मागे काढणारा ब्रॅकेट लावला असेल, तर दर दहा इंच मागे साधारण एक इंच वर, असा ढोबळ हिशेब आहे. तळाखालून सुटलेलं पाणी मागे जाता जाता वर चढतं, त्यामुळे हे चालतं. बचाव बोटींना हा ब्रॅकेट क्वचितच लागतो.

इंजिन वर-खाली घेणं

मोठ्या इंजिनाच्या स्वतःच्या ब्रॅकेटला, म्हणजे ज्यानं ते फळीला अडकतं त्याला, वरच्या बाजूला उभ्या ओळीत चार-पाच भोकं असतात. दोन भोकांमधलं अंतर बहुतेक इंजिनांत १९ मिमी, म्हणजे पाऊण इंच. खालच्या बाजूला बहुधा उभ्या खाचा असतात. एक भोक म्हणजे १९ मिमीचा फरक. एका वेळी एकच भोक बदलायचं, यात घाई चालत नाही.

चाळीस अश्वशक्तीचं दोन स्ट्रोकचं इंजिन सत्तर किलोच्या आसपास, चार स्ट्रोकचं त्याहून जड. ते दोघा-तिघांनी हातावर पेलायचा प्रयत्न करू नका. उद्यमनगरातल्या कुठल्याही वर्कशॉपात चेन पुली मिळते. वरचा गर्डर भक्कम असेल अशा ठिकाणीच काम करा.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पेट्रोलची नळी सोडवा, किल स्विचची (इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप काढून ठेवा. इंजिनाला उचलायचा हूक असतो, पुस्तकात त्याची जागा दाखवलेली असते. पुलीची साखळी तिथं लावा आणि अलगद ताण द्या. साखळी ताठ झाली पाहिजे, पण इंजिन उचललं जाता कामा नये. मग खालचे बोल्ट ढिले करा. वरचे बोल्ट मात्र साखळीवर भार आल्याची खात्री झाल्याशिवाय काढू नका. खालच्या खाचेत अजून सरकायला जागा असेल तर खालचे बोल्ट पुरते काढायचीही गरज पडत नाही.

वरचे दोन बोल्ट काढले की पुलीनं इंजिन हळूहळू एका भोकाइतकं वर घ्या किंवा खाली सोडा. एक माणूस पुलीवर, एक माणूस भोकाशी. भोक जुळलंय का हे हाताचं बोट घालून कधीही बघू नका, स्क्रू ड्रायव्हर किंवा गोल सळी घाला. इंजिन अर्धा इंच खचलं तर बोट तुटतं.

बोल्ट पुन्हा बसवताना स्टेनलेसचेच वापरा, शक्यतो ३१६ ग्रेडचे, आणि नायलॉन कडीचे नट. साधा लोखंडी (एमएस) बोल्ट पंचगंगेच्या पाण्यातही एक-दोन पावसाळ्यांत गंजून धरतो, मग पुढच्या वर्षी तो कापूनच काढावा लागतो. बोल्टच्या दांड्यावर आणि भोकाच्या तोंडाशी मरीन सीलंट भरपूर लावा, पॉलियुरेथेनचा चांगला. बाथरूमला लावतात तो व्हिनेगरसारख्या वासाचा सिलिकॉन इथं नको. आतल्या बाजूला मोठे वॉशर किंवा सलग पट्टी द्या, म्हणजे भार एका जागी येत नाही. ताण पुस्तकात दिलेल्या टॉर्कइतकाच (आवळायच्या जोराइतकाच), दोन्ही बाजूंनी आलटून पालटून. जी भोकं रिकामी राहतात आणि फळीतून आरपार आहेत, ती उघडी ठेवू नका. इपॉक्सीनं बुजवा.

इंजिन वर घेतलं की ब्रॅकेटची वरची कड फळीवर टेकलेली राहत नाही, सगळा भार बोल्टवर येतो. बोल्ट तो पेलतात, पण बचाव बोट खड्ड्यांच्या रस्त्यावरून ट्रेलरवर फिरते आणि धक्के खाते. म्हणून मी ब्रॅकेट आणि फळीच्या मधल्या फटीत तंतोतंत जाडीची सागवानी पट्टी बसवतो.

शेवटी सुकाणू पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवा, इंजिन पूर्ण टिल्ट करा. थ्रॉटल-गिअरच्या केबल, वायरी, पेट्रोलची नळी कुठं ताणल्या जात नाहीत ना ते बघा. इंजिन वर गेलं की पूर्वी सैल असलेली केबल आता ताठ होते.

पंधरा-वीस अश्वशक्तीच्या आतली बरीच इंजिनं नुसत्या दोन शिकंजाच्या स्क्रूंवर बसतात. तिथं भोकं नसतात, म्हणून उंची वाढवायला फळीवर कडक लाकडाची पट्टी चढवायची. ती नुसती ठेवू नका, फळीला स्क्रूनं पक्की करा. आणि शिकंजाच्या चकत्या पूर्णपणे फळीवरच दाबल्या जातात ना, वरच्या पट्टीच्या सांध्यावर येत नाहीत ना, हे नक्की बघा. इंजिनाला स्टीलची साखळी किंवा जाड दोर बांधून त्याचं दुसरं टोक बोटीला अडकवलेलं असायलाच हवं.

पाण्यावरची परीक्षा

इथं आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचा मोठा उपयोग होतो. पावसाळा संपल्यावर बर्गे, म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांतल्या फळ्या, घालून पाणी अडवलेलं असतं आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की बर्गे काढतात. बर्गे असेपर्यंत वरच्या अंगाला नदी संथ आणि खोल असते. चाचणी तेव्हाच उरका. बंधाऱ्यापासून मात्र लांबच राहा. नदीत पोहणारी, धुणं धुणारी माणसं असतात, म्हणून भल्या सकाळी जा आणि काठावर आपला एक माणूस उभा ठेवा. जलपर्णीचे ताटवे टाळा. जाळीत पानं अडकली तर इंजिन तापेल, आणि दोष तुम्ही उंचीवर टाकाल.

बोटीत सगळ्यांना लाइफ जॅकेट, चालकाच्या मनगटाला किल स्विचची दोरी. मग वजन. आमच्याकडे खताच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून, काट्यावर मोजून, प्रत्येकी ४० किलोची पोती केली आहेत. बोटीवर लिहिलेल्या क्षमतेच्या आत राहून दहा पोती म्हणजे साधारण सहा माणसांचं वजन. पोती घट्ट बांधा, वळणावर सरकली तर बोट कलंडेल.

तीन फेऱ्या करा. पहिली रिकामी, दुसरी वजन मधोमध ठेवून, तिसरी निम्मं वजन पुढे सरकवून. ही तिसरी फेरी मला सर्वात मोलाची वाटते, कारण घाबरलेली माणसं अशीच बसतात. प्रत्येक फेरीत आधी सावकाश, मग निम्म्या वेगात दोन्ही बाजूंना वळणं घ्या, हळूहळू वळण घट्ट करत न्या. इंजिनाचा आवाज अचानक चढला आणि बोट पुढे सरकेनाशी झाली, की पंख्यात हवा शिरली. थ्रॉटल लगेच कमी करा. तिसऱ्या फेरीत साध्या वळणावर हे झालं तर इंजिन एक भोक खाली घ्यायचं, मग रिकाम्या बोटीचा वेग थोडा गेला तरी चालेल.

दुसऱ्या माणसानं सगळा वेळ इंजिनामागून पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर नजर ठेवावी. धार सलग आणि जोरदार हवी. ती तुटक झाली, बारीक झाली किंवा बंद पडली तर इंजिन ताबडतोब बंद. धार पंप चालतोय एवढं सांगते. तुमच्या इंजिनाला पाण्याच्या दाबाचा मीटर बसत असेल तर तो जास्त भरवशाचा.

बोट सरळ वेगात असताना तोच माणूस मागे वाकून न पाहता बाजूनं प्लेटकडे बघेल. प्लेट पाण्याच्या पृष्ठाला लागून, तिच्यावरून पाण्याचा पातळ थर जात असेल तर उंची जवळजवळ बरोबर. प्लेट खोल बुडालेली आणि पायाच्या दोन्ही बाजूंनी फवारे उडत असतील तर एक भोक वर घेऊन बघायला हरकत नाही.

आकड्यांसाठी एक छोटा टॅकोमीटर आणि मोबाइलचं जीपीएस पुरे. प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध असा दोनदा वेग घेऊन सरासरी काढा. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम पुस्तकात दिलेल्या मर्यादेत हवेत. मग पंख्याची घसरण, म्हणजे सैद्धांतिक वेगापेक्षा खरा वेग किती टक्के कमी पडतो ते, काढा. इंजिनाचे आरपीएम भागिले गिअर रेशो म्हणजे पंख्याचे फेरे. त्यांना पंख्याच्या इंचातल्या पिचनं (एका फेऱ्यात पंखा हिशेबानं जेवढा पुढे जातो ते अंतर) आणि पुढे ०.००१५२४ नं गुणलं की ताशी किलोमीटरमध्ये सैद्धांतिक वेग मिळतो. समजा ५२०० आरपीएम, रेशो २, पिच ११ इंच. पंख्याचे फेरे २६००, सैद्धांतिक वेग ४३.६. जीपीएसवर ३६ आले तर घसरण साधारण १७ टक्के. एक भोक वर घेतल्यावर आरपीएम वाढले, पण वेग तेवढाच राहिला, म्हणजे घसरण वाढली. तुम्ही मर्यादा ओलांडलीत, मागे या. आरपीएम आणि वेग दोन्ही वाढले आणि तिसऱ्या फेरीतही वळणं नीट झाली, तर तीच जागा ठेवा.

इंजिन कुठल्याच भोकावर पुस्तकातल्या आरपीएमला पोचत नसेल किंवा सतत त्या मर्यादेच्या वर जात असेल, तर तो उंचीचा नाही, बहुधा पिचचा प्रश्न आहे. पंख्याची पाती वाकलेली, कडा फाटलेल्या असतील तरीही सगळे आकडे फसवे येतात, म्हणून पंखा आधीच तपासून ठेवा.

पुरात गेल्यावर

पुराच्या पाण्यात उंची बदलता येत नाही. तिथं उथळ जागी टिल्टची शॅलो वॉटर पोझिशन वापरा, गती अगदी कमी ठेवा आणि इंजिनामागच्या पाण्याच्या धारेकडे सतत बघा, कारण इंजिन तिरकं उचललं की जाळ्याही वर येतात. उसाचा पाला, तारकुंपण, ठिबकच्या नळ्या पंख्याला गुंडाळल्या तर इंजिन बंद करून, किल स्विच काढूनच हात घाला. माणसं बोटीत घेताना त्यांना कुठं बसायचं ते आधी सांगा: मावशी, तुम्ही मधे बसा, दादा, तुम्ही मागे या. हे एक वाक्य पाऊण इंचाच्या भोकाइतकंच काम करतं.

चाचणीनंतर दोन-तीन तास इंजिन चाललं की सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा, कारण नवा सीलंट बसतो आणि बोल्ट थोडे सैल होतात. मग फळीच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटनं लिहून ठेवा: वरून कितवं भोक, प्लेट तळाच्या किती मिलिमीटर वर किंवा खाली, पंख्याचा पिच, किती वजनावर चाचणी घेतली आणि तारीख. पुढच्या जुलैत रात्री दोन वाजता बोट दुसऱ्याच कुणाच्या हातात असेल, तेव्हा टॉर्चच्या उजेडात त्याला हे वाचता आलं पाहिजे.